म्हाळसाच्या मैदानावर खडी

सत्काराच्या शालीची मला शिसारी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको. ही शाल ना पांघरता येते, ना अंथरता येते. थंडीत अंगावर घेतली तर थंडी जात नाही आणि भांडी पुसायला घेतली तर पाणी टिपत नाही. एका माणसानं ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची, दोघांनी कॅमेऱ्याकडं बघून दात काढायचे आणि घरी नेऊन कपाटात कोंबायची. आमच्या निरवांगीत घरोघरी अशा शाली निघतील. कुणाला मुलगा दहावी पास झाला म्हणून मिळाली, कुणाला नोकरीतून निवृत्त झाला म्हणून, आणि कुणाला नुसता त्या वेळी तिथं उभा होता म्हणून.

या शालीचा खरा उपयोग गावात एकाच बाईनं शोधून काढला. तिचं नाव म्हाळसा. स्वतःला मिळालेल्या आणि शेजारपाजारच्यांकडून मागून आणलेल्या शाली तिनं कात्रीनं टराटरा कापल्या, चौपदरी घड्या घातल्या, आत जुन्या गोधडीच्या चिंध्या भरल्या आणि खो-खो खेळणाऱ्या पोरींसाठी गुडघ्याच्या पट्ट्या शिवल्या. एकदा एक पाहुणे मैदानावर आले आणि एका पोरीच्या गुडघ्याकडं बघतच राहिले.

"ही तर मी घातलेली शाल दिसतेय," ते म्हणाले.

"व्हय," म्हाळसा म्हणाली. "खांद्यापरीस गुडघ्याला बरी बसलीया."

पाहुणे पुन्हा काही मैदानाकडं फिरकले नाहीत.

मी रावजी. गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. लोक मला तात्या म्हणतात. दुकानाच्या काउंटरमागं बसून माणसाला गावाच्या सगळ्या दुखण्यांची खबर लागते, आणि म्हाळसाला मी चांगला ओळखतो, कारण तिच्या पोरींच्या खरचटलेल्या कोपरांना लागणारं औषध माझ्याच दुकानातून जातं. बाई उंच, काटक, उन्हानं रापलेली. लोणी देवकरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. साडीवर कंपनीचा निळा ॲप्रन, पायांत शाळेच्या पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, आणि चालणं असं की बरोबरच्याला धावावं लागतं. नवरा भीमा घरची शेती बघतो आणि बायकोच्या वाटेला जात नाही. तोंडानं फटकळ आहे. गोड बोलणाऱ्या माणसांनी गावाची केलेली सेवा बघितली की मला तिचं ते फटकळ तोंड औषधासारखं वाटतं.

तिचा बाप सोनबा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की मेंढरांबरोबर सगळं घर घाट उतरून जायचं ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. तेवढे चार महिने म्हाळसा शाळेत. मेंढरांमागं पळून पळून पाय असे तयार झालेले की खो-खोत तिला कुणी शिवू शकायचं नाही. पण सामने असायचे दिवाळीनंतर. दर वर्षी संघात तिचं नाव घालायचे, आणि दर वर्षी सामन्याच्या आधी तिच्या घरच्यांचा तळ हलायचा. एकही सामना न खेळता तिची शाळा संपली, लग्न झालं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही गोळ्या घेता घेता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

आमच्या मंडळाची सुरुवात एका बाळंतिणीपासून झाली. अडलेल्या बाईला बारामतीला न्यायला गाडी मिळेना. अल्लाबक्षभाईंचा मालवाहू टेम्पो होता, त्यांनी तो काढला. त्यांच्या घरच्या जरिनाभाभींनी मागं गाद्या टाकल्या. म्हाळसा त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी पुढं. बाई सुटली, पोरगं जगलं. परत येताना म्हाळसा म्हणाली, "तात्या, दर टायमाला असं नशिबावर सोडायचं का?" त्या प्रश्नातून मंडळ निघालं. हातभार मंडळ. अध्यक्ष नाही, सचिव नाही, बोर्ड नाही. ज्याचा हात मोकळा असेल त्यानं यायचं. रात्रीअपरात्री पेशंट न्यायचा, पाण्याची टाकी आतून घासायची, रक्त द्यायचं, अल्लाबक्षभाईंच्या गोडाऊनमध्ये संध्याकाळी पोरांना अभ्यासाला बसवायचं. या कामांचा एकही फोटो माझ्याकडं नाही, आणि त्या दिवसांइतकं मला माझं गाव कधी आवडलेलं नाही.

मग म्हाळसानं पोरींचा खो-खो काढला. शाळेमागं गायरानाची एक पट्टी होती, दगडधोंड्यांची. मंडळानं ती महिनाभर वेचली. अल्लाबक्षभाईंनी ट्रॅक्टरनं तांबडी माती आणली. बायकांनी ती घरच्या चाळणीनं, धान्य चाळावं तशी चाळली. पाणी मारलं, पण दाबायला रोलर मिळेना. तेव्हा म्हातारे सोनबा आपली मेंढरं घेऊन आले. ओल्या मातीवर सगळा कळप गोल गोल फिरवला, दोन दिवस. काठी टेकून उभे राहून म्हणाले, "मेंढराच्या खुरासारखी जमीन कुठला रोलर बसवत न्हाय. खाली घट्ट, वर मऊ." आणि खरंच, ती जमीन तशी झाली. पुढच्या वर्षी सोनबांनी मेंढरं विकली. चराईला रान राहिलं नव्हतं, सगळीकडं ऊस नाहीतर प्लॉट. त्या कळपानं गावासाठी केलेलं ते शेवटचं काम. म्हाळसा त्या मातीवर कुणाला चप्पल घालून येऊ द्यायची नाही. सरपंचांनाही तिनं एकदा काठावर उभं करून बोलायला लावलं होतं.

पोरींना ती एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायची. पळणारी पोरगी हाताला लागत नसेल तर शिवायला अंग झोकून द्यायचं, त्याला सूर मारणं म्हणतात. नवी पोरगी सूर मारायच्या आधी हटकून खाली बघते. तेवढ्यात समोरची निसटते. म्हाळसा ओरडायची, "खाली बघू नगं! खालचं मी बघितलंय!" आणि ते खरं असायचं. रोज खेळाआधी ती अनवाणी सगळ्या मैदानावरून चालायची. पायाला हरभऱ्याएवढा खडा लागला तरी उचलून ॲप्रनच्या खिशात टाकायची. पोरींना हे माहीत होतं, म्हणून पोरी डोळे झाकून सूर मारायच्या.

त्यांत सृष्टी नावाची एक पोरगी होती. काडीसारखी, दहावीतली, घरी आई आणि धाकटी बहीण. बाप मागंच गेलेला. सूर मारायची तेव्हा मी काउंटर सोडून आलेल्याचं सार्थक व्हायचं. ही पोरगी जिल्ह्याच्या संघात जाणार यात कुणाला शंका नव्हती. तिथून पुढं गेली तर खेळाडू म्हणून पोलीस भरतीत सवलत मिळते, हे म्हाळसानं तिच्या आईला बसवून समजावलं होतं, आणि आईनं त्या जिवावर आलेलं एक स्थळ परत पाठवलं होतं. निवड चाचणी बारामतीला ठरली होती, आठवड्यावर आली होती.

आणि मग आमच्या यशराजला शंभूशेठचा वाढदिवस आठवला.

यशराज हा आमच्या मंडळात मागून आलेला. पोरगा वाईट म्हणवत नाही, हेच तर दुखणं आहे. पहाटे उठून पेशंटला घेऊन जायचा. पण त्याला रिकाम्या भिंती बघवत नाहीत. आधी मंडळाची नोंदणी केली, चांगलं झालं म्हणालो. मग 'हातभार युवा प्रतिष्ठान' झालं, मग अध्यक्षपद निघालं, मग तोच अध्यक्ष. मग पांढरे कपडे आले. मग फ्लेक्स आले. एक फ्लेक्स तर माझ्या दुकानाच्या पाटीवर असा लागला की पंधरवडाभर लोक माझ्याच दारात उभं राहून मला मेडिकल कुठंय ते विचारायचे.

पेशंटला बिस्किटाचा पुडा द्यायचा तर त्याला सहा जणांचे हात. पोराला वह्या द्यायच्या तर फोटो नीट येईपर्यंत त्यानं हात पुढं करून उभं राहायचं, वर "हस की रं" म्हणून दटावणी. रक्तदान शिबिरात एकाची बाटली भरून झाली, सिस्टर सुई काढायला गेली, तर यशराज पळत आला. "सुई काढू नका, शेठ फाट्यावर आल्यात!" तो बिचारा सुई टोचलेल्या हातानं पडून राहिला. शेठ आले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, फोटो झाला, मग सुई निघाली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. भूक होती, पण तो कपाळावरचा सोन्याच्या अंगठ्यांनी भरलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

हे शंभूशेठ बारामतीकडचे. प्लॉटिंगचा धंदा. कुठल्या पक्षात आहेत ते त्यांचं त्यांनाही अजून ठरवायचंय, पण काहीतरी व्हायचंय एवढं नक्की. त्यांच्या वाढदिवसाला आमच्या प्रतिष्ठाननं 'क्रीडा गौरव सोहळा' ठरवला. मैदान तर होतंच. त्या दिवशी म्हाळसाची कंपनीत सकाळची पाळी होती, ते बघून ठरवलं की न बघता, ते देव जाणे.

आदल्या दिवशी अवकाळीची एक सर येऊन गेली. सोहळ्याच्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर शाळेच्या बाजूला डंपरचा आवाज. गेलो बघायला. मैदानावर खडी ओतत होते. मुरूम नव्हे, वाळू नव्हे, रस्त्याला वापरतात ती धारदार कोपऱ्यांची काळी खडी. एक डंपर रिकामा झालेला, दुसरा वाटेवर, आणि जेसीबी ती पसरत होता. सोनबांच्या मेंढरांनी तुडवलेल्या मातीवर त्याची चाकं रुतून चर पडले होते.

"यशराज, डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणालो. "ही पोरींची खेळायची जागा हाय."

"तात्या, एका दिवसाचा प्रश्न हाय. पाऊस झालाय. शेठची गाडी चिखलात रुतली तर गावाची इज्जत जाईल."

"आणि कार्यक्रम कशाचा हाय?"

"खेळाचा," तो म्हणाला. हसलासुद्धा नाही. त्याला त्यात काही विचित्र वाटतच नव्हतं.

म्हाळसाला फोन लावला. लागणार कसा, पाळी चालू असताना कंपनीत फोन बाहेर ठेवावे लागतात. अल्लाबक्षभाई आले, त्यांनीही सांगून बघितलं. यशराज त्यांच्या पाया पडला, "भाई, उद्या सगळी खडी उचलून देतो," म्हणाला, आणि जेसीबीवाल्याला हात करून पुढं जा म्हणाला. पाया पडणाऱ्या माणसापुढं भांडता येत नाही, हा शोध या लोकांनी फार लवकर लावलाय.

शेठ दुपारचे यायचे ते ऊन कलल्यावर आले. पांढरीशुभ्र, हत्तीएवढी गाडी खडीवरून करकरत आली आणि पोरींच्या बसायच्या एका चौकोनावरून जाऊन मैदानाच्या तोंडाशी उभी राहिली. फेटे झाले. हार झाले. नारळ झाले. ग्रामीण खेळांचं भवितव्य या विषयावर अशी माणसं बोलली, ज्यांच्या पोटाकडं बघून ती शेवटची कधी पळाली असतील असा प्रश्न पडावा. पोरी गणवेशात एका कडेला उन्हात उभ्या. मग यशराजनं माईक घेतला.

"आता आपल्या रणरागिणी शेठसमोर खो-खोचं प्रात्यक्षिक सादर करतील!"

मी पोरींकडं गेलो. म्हणालो, खेळू नका, मी बघतो त्याच्याकडं. अल्लाबक्षभाईंची नात फरहीन रडकुंडीला आली होती. सृष्टी म्हणाली, "तात्या, सगळा गाव बसलाय. हळूहळू खेळतो. आत्याला नका सांगू." पोरी म्हाळसाला आत्या म्हणतात.

पोरी बसल्या. खो-खोत उकिडवं बसावं लागतं, एक गुडघा जवळजवळ टेकतो. शालीच्या पट्ट्या होत्या म्हणून निभावलं. एक-दोन खो झाले. हळूहळूच चाललं होतं. पण पळणारी ती फरहीन, आणि पाठलाग करणारी सृष्टी. त्या दोघी हळू खेळतील तर सूर्य मावळायचा थांबेल. फरहीननं खांबाजवळ हूल दिली. सृष्टीला ती हातभर लांब दिसली आणि इतक्या वर्षांची सवय अंगात उसळली. तिनं खाली बघितलं नाही. अंग झोकून दिलं.

ती पडली त्याचा आवाज काठावरच्या पाहुण्यांच्या मांडवापर्यंत गेला. आणि मांडवातून टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "वाघीण!" फरहीन बाद झाली होती ना!

सृष्टी उठून बसली. पट्टी गुडघ्यावरून सरकून पोटरीवर आली होती. गुडघा उघडा पडला होता आणि आत खडी रुतली होती. रक्त बुटात उतरत होतं. मी औषधाचा डबा घेऊन पळालो, खाली बसलो, कापसाचा बोळा हातात घेतला, तोवर शेठ आले, यशराज आला, सगळी पिलावळ आली. एकानं घाईघाईत शाल उघडली. शेठनी ती पोरीच्या खांद्यावर टाकली. पोरगी ओठ चावून बसलेली.

"रावजीतात्या," फोटोवाला म्हणाला, "जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात यशराजनं माझ्या दंडाला धरून मला हळूच, अगदी आदरानं, मागं सारलं. "दोन मिनिटं, तात्या." आणि फोटोवाला पोरीला म्हणाला, "ताई, गुडघा जरा इकडं. हां, दिसू द्या."

थुंकावंसं वाटलं मला. आयुष्यात मी पू बघितलाय, किडलेल्या जखमा धुतल्यात, कधी तोंड फिरवलं नाही. त्या दिवशी फिरवलं.

कंपनीची बस फाट्यावर सोडते. म्हाळसा तिथून घरी जायच्या ऐवजी माईकचा आवाज ऐकून सरळ मैदानावर आली. निळ्या ॲप्रनवर. मैदानाच्या काठावर आली तशी सवयीनं बूट काढायला वाकली, आणि वाकलेलीच थांबली. खाली खडी. मग वर बघितलं तर गर्दी, आणि गर्दीच्या मध्ये सृष्टी.

मला वाटलं आता ही सगळ्यांना सोलून काढणार. पण ती सरळ गर्दीत घुसली, शेठना खांद्यानं बाजूला केलं, सृष्टीच्या खांद्यावरची ती नवी शाल ओढली, मी परत पुढं होऊन जखमेवर बोळा धरला, त्यावरून गुडघ्याला करकचून बांधली. "अल्लाबक्षभाई, टेम्पो," एवढंच म्हणाली. पोरीला उचलून घेतलं. जाताना सृष्टी म्हणत होती, "आत्या, खाली बघितलं न्हाय मी. तुमी सांगितलंय तसंच केलं." म्हाळसाचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि बघितला नसता तर बरं झालं असतं.

मागं माईकवर शेठ सांगत होते, अशा जिगरबाज मुलींच्या पाठीशी मी कायम उभा राहीन. टेम्पो निघायला त्यांची गाडी आड येत होती, ती हलवायला ड्रायव्हर सापडेना. तो जेवायला बसला होता.

बारामतीला टाके पडले. डॉक्टरांनी आतली खडी एकेक करून काढली आणि दीड महिना पळायचं नाही म्हणून बजावलं. चाचणी गेली. सृष्टीच्या आईनं बाहेरच्या बाकावर बसून एवढंच विचारलं, "आता परत कधी आसतीया?" "पुढल्या वर्षी," मी म्हणालो. तोवर स्थळं थांबतील का, हे तिनं विचारलं नाही. चाचणीला बाकीच्या पोरी गेल्या, म्हाळसा घेऊन गेली. पोरी अशा खेळल्या जशा मयताला आल्यात. एकीचीही निवड झाली नाही.

खडी उद्या उचलतो म्हणाला होता यशराज. तो उद्या आला नाही. आला तो फ्लेक्स.

चौकात, हा एवढा थोरला. एका बाजूला शंभूशेठ हात जोडून, खाली पट्टीत प्रतिष्ठानची बारकी बारकी डोकी, आणि मधोमध सृष्टी. खांद्यावर शाल, गुडघ्यातून रक्त. रक्त जरा जास्तच लाल केलेलं होतं, छापताना कुणीतरी रंग चढवला होता. वर लिहिलं होतं: 'रक्त सांडू, पण हार मानणार नाही!' त्या फ्लेक्सखालून सृष्टीची आई रोज कामाला जायची. मान खाली घालून.

म्हाळसानं तो बघितला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तिला. शिडी आणली, फ्लेक्स उतरवला. चौकातली माणसं चहाचे कप हातात धरून बघत राहिली, आता फाडणार म्हणून. तिनं कात्री काढली, तीच शाली कापायची, आणि सृष्टीचं चित्र तेवढं कडेकडेनं कापून घडी घालून पिशवीत टाकलं. बाकीचा फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर घेतला आणि मैदानावर गेली. पोरी आल्याच होत्या, घमेली घेऊन. मंडळातले आम्ही जुने चार-पाच जण गेलो. जरिनाभाभी या वयात फावडं घेऊन आल्या.

म्हाळसानं फ्लेक्स जमिनीवर पालथा अंथरला. त्यावर खडी ओढायची, चार टोकं धरायची आणि काठापर्यंत फरफटत न्यायची. फ्लेक्स भारी चिवट असतो. आजवर मी बघितलेला त्याचा हा पहिला उपयोग.

यशराज गाडीवर आला. "आत्या, आवो काय करताय? शेठचा फोटू हाय त्याच्यावर!"

"म्हणून तर पालथा घातलाय," म्हाळसा म्हणाली. "उताणा घातला असता तर खडी त्येंच्या तोंडावर पडली असती. मान राखलाय बाबा."

पोरी हसल्या. त्या सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसल्या. यशराज गाडीवरून उतरला. मला वाटलं, आता हा बाह्या सावरून फावडं उचलेल. जुना यशराज असता तर उचललंही असतं. त्यानं मोबाईल काढला आणि आमचे फोटो घेतले. संध्याकाळी ते सगळीकडं फिरले, 'प्रतिष्ठानचे श्रमदान' म्हणून. मी ते बघितले आणि फोन उपडा ठेवला.

खडी सृष्टीच्या वस्तीच्या वाटेवर टाकली, तिथं पावसात चिखल होतो. तेवढं एक चांगलं झालं. पण मैदानाचं तसं नव्हतं. जेसीबीच्या चाकांनी खडीचे बारके दाणे मातीत दाबले गेले होते. पुन्हा खणली, पुन्हा चाळली, पाणी मारलं. रोलर आणला या वेळी, पंचायतीचा. म्हातारे सोनबा काठीवर भार देऊन बघायला आले, पायानं जमीन चाचपली आणि परत फिरले.

टाके निघाले, दीड महिना उलटला, सृष्टी मैदानावर आली. पळते पूर्वीसारखी. पाय कुठं अडत नाही. पण सूर मारायची वेळ आली की तिची नजर खाली जाते. अर्धा क्षण. तेवढ्यात समोरची निसटते. म्हाळसानं "खाली बघू नगं" म्हणून एकदा ओरडून बघितलं. पुढचं वाक्य तिच्या तोंडातून आलं नाही.

परवाची गोष्ट. म्हाळसा माझ्या दुकानात बसली होती, कोपर पुढं करून. मी चिमट्यानं त्यातून खड्याची कपची काढत होतो. हिच्या कोपराला कशानं लागतंय, विचारलं तर सांगत नव्हती. तेवढ्यात यशराज पेढे घेऊन आला.

"आत्या, आनंदाची बातमी! प्रतिष्ठाननं यंदाचा 'आदर्श क्रीडामाता' पुरस्कार तुमाला द्यायचा ठरवलाय. शेठच्या हस्ते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह."

मी चिमटा काउंटरवर आपटला. मी म्हणणार होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हाळसा शांतपणे म्हणाली, "शाल जाड आन. पातळ गुडघ्याला पुरत न्हाय."

"व्हय, व्हय, भारीतली आणतो," यशराज म्हणाला. आणि गेला. खूश होऊन गेला. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही, आणि आता कळेल अशी आशाही मी सोडली आहे.

मी दुकान पोरावर टाकलं आणि तिच्याबरोबर मैदानावर गेलो. पोरी अजून यायच्या होत्या. सृष्टी तेवढी आलेली, काठावर बसून पट्टी बांधत होती. म्हाळसानं बूट काढले. अनवाणी चालत मैदानभर फिरेल असं मला वाटलं, पण ती पळाली. चाळिशी ओलांडलेली बाई, ॲप्रनवर, पळाली आणि खांबाजवळ तिनं अंग झोकून दिलं. धाडकन पडली. मातीत घसरत गेली. उठली, कोपर झटकलं, आणि ओरडून म्हणाली, "हितं खडा न्हाय!"

मागं आली, पुन्हा पळाली, दुसऱ्या चौकोनापाशी पडली. "हितंबी न्हाय!"

मी आत्ताच कोपराला बांधलेली पट्टी निघून लोंबत होती. सृष्टी उठून उभी राहिली. "आत्या, बास की. लागतंय तुमाला."

"लागू दे," म्हाळसा धापा टाकत म्हणाली. "खालचं मी बघती. तू बघू नगं."

आणि तिसऱ्या चौकोनाकडं वळली.